चुकीच्या दारावरचे हातमोजे

१

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला फिनलंडमधल्या योएन्सू गावातल्या एका जुन्या इमारतीत बारा नंबरच्या दाराची घंटा वाजली. दार उघडलं ते ऐंशी ओलांडलेल्या एका बाईंनी. बाहेर भुवयांपर्यंत टोपी ओढलेला एक माणूस उभा होता. त्याने बाईंकडे पाहिलं, त्यांच्या खांद्यावरून आत पाहिलं, चुकलो म्हणाला आणि मान लववून जिना उतरला. बाईंनी दार लावून घेतलं. पण तो लगेच गेला नसावा. थोड्या वेळाने त्या कचऱ्याची पिशवी घेऊन बाहेर आल्या, तर दाराच्या मुठीला एक कागदी पिशवी लटकत होती. तिच्यात लहान मुलीचे लाल लोकरीचे हातमोजे होते, अंगठ्यापाशी झिजलेले.

ही सहा नंबरची इमारत. तिच्यासमोर, त्याच अंगणाच्या पलीकडे, आठ नंबरची. तिथेही बारा नंबरचं दार होतं आणि त्या घरातली बाई नेमकी तेव्हा खिडकीत उभी होती. अंगणातून परत जाणाऱ्या माणसाचा चेहरा तिला दिसला नाही. त्याची चाल दिसली आणि तेवढी पुरे होती. तिने सात वर्षांच्या मुलीला न्हाणीघरात नेलं, आतून कडी घातली आणि फोनवर आकडे दाबायचा प्रयत्न केला. शेवटी फोन मुलीने लावला.

नवऱ्याच्या भीतीने घर सोडलेल्या बायकांसाठी गावात एक आश्रयगृह आहे. तिथून पाचच दिवसांपूर्वी या मायलेकींना त्या गुप्त घरात हलवलं होतं. पत्ता माहीत असलेली माणसं एका हाताच्या बोटांवर मोजता आली असती. नवऱ्याला त्यांच्या जवळपास फिरकायला कोर्टाची मनाई होती, आणि गेले दोन महिने तो कुठे राहतो ते पोलिसांनाही ठाऊक नव्हतं.

आणि तरी तो आला होता. फक्त समोरच्या दारावर.

२

हेन्ना हाल्तुनेनला ही बातमी अकराच्या कॉफीबरोबर कळली.

नदीकाठच्या जुन्या प्लायवुड कारखान्यात आता भाड्याने टेबलं मिळतात. मोठं दालन, उंच खिडक्या, प्रत्येक टेबलावर कारखान्याच्या काळातली पत्र्याची नंबरपाटी, आणि खाली त्याच नंबरचा इंटरनेटचा सॉकेट. कोणी पुस्तकांचे अनुवाद करतं, कोणी घरांचे आराखडे. नऊ आणि दहा नंबरवर हेन्ना आणि तिचा भागीदार पासी बसत. दोघांचीच कंपनी. आश्रयगृहांसाठी त्यांनी एक सॉफ्टवेअर केलं होतं. कोणत्या कुटुंबाला कुठल्या घरात ठेवलंय, कोणाला कुठलं औषध, कोणाला काय खाऊन त्रास होतो, हे सगळं त्यात असे. नाव मात्र कोणाचंच नसे. नुसते नंबर.

पासी फोनवर बोलत होता आणि त्याचा रंग उतरत चालला होता. फोन ठेवून त्याने हळू आवाजात सांगितलं की बेचाळीस नंबरच्या बाईच्या नवऱ्याला पत्ता मिळाला. आश्रयगृहाची प्रमुख इंकेरी म्हणते, तिच्या माणसांपैकी कोणी फुटलेलं नाही. उद्या पोलीस इथे येणार.

हेन्नाने केलेली एक गोष्ट तिच्याशिवाय कोणालाच माहीत नव्हती.

ऑक्टोबरअखेर घड्याळं एक तास मागे गेली, तेव्हापासून औषधांच्या वेळा यादीत चुकीच्या दिसायला लागल्या होत्या. चूक काही सापडेना. म्हणून गेल्या गुरुवारी, सव्वाअकराला, हेन्नाने खऱ्या यादीची नक्कल स्वतःच्या यंत्रावर उतरवून घेतली. रोज सव्वाअकराला ती आपोआप ताजी व्हावी अशी सोयही करून ठेवली. खरी माहिती आपल्या टेबलावर आणायची नाही, हा नियम कंपनीत तिनेच घातलेला होता. दोन दिवसांचं तर काम आहे, असं तिने स्वतःला समजावलं होतं.

पासी पाणी प्यायला उठला तशी ती खुर्चीत वळली. जावा या संगणकाच्या भाषेतला कोड जिथे लिहायचा, तपासायचा आणि चालवून बघायचा, त्या सॉफ्टवेअरला ही मंडळी आयडीई म्हणतात. हेन्नाने त्या आयडीईला एक वेब सर्व्हर जोडलेला होता. सॉफ्टवेअर त्याच्यावर चढवायचं आणि खरी माणसं जशी वापरतात तसं ब्राउझरमध्ये उघडून बघायचं. असा सर्व्हर मोकळा सोडला तर त्याच नेटवर्कच्या जाळ्यातला कोणीही आत डोकावू शकतो. म्हणून त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये तिने वसंतातच एक ओळ घातली होती: फक्त याच यंत्रावरून. तिने सर्व्हरचं फोल्डर उघडलं. फाइल उघडली. ओळ जागच्या जागी होती. मग जिथे येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद होते ते फोल्डर उघडलं. रिकामं. कोणी आलंच नव्हतं.

तिने श्वास सोडला. पण धास्ती काही गेली नाही.

नक्कल पुसून टाकावी असं मनात आलं. बोट बटणापर्यंतही गेलं. आणि उद्या पोलिसांना कळलं की काल सकाळीच पुसली, तर? काही हलवायचं नाही, काही बोलायचं नाही, असं तिने ठरवलं. भ्यालेला माणूस बहुतेक वेळा हेच ठरवतो.

"आज कोण गेलं म्हणायचं?" मागून आवाज आला, आणि ती खुर्चीतच दचकली. इल्पो होता, कॉफीचे दोन मग घेऊन. फायर अलार्मच्या तारा इमारतीत कुठून न्यायच्या त्याचे नकाशे करायचा. दीड महिन्यापूर्वी इथे आला आणि आठवड्याभरात साऱ्या दालनाचा झाला. कॉफीचं यंत्र दुरुस्त करणारा तोच, आणि हेन्नाच्या आईचं खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून रोज सकाळी तिची चौकशी करणाराही तोच. "दोघांची तोंडं बघून वाटलं, पलीकडच्या कॅन्टीनने वाटाण्याचं सूप बंद केलं."

हेन्ना हसली. त्या दिवसात ती हसली ती तेवढीच.

३

पोलीस म्हणजे फौजफाटा येईल असं पासीला वाटत होतं. बुधवारी नऊ वाजता मागच्या जिन्याने एकटी ताइमी कुर्विनेन आली. अठ्ठावन्न वर्षांची, बुटकी, पायात बर्फात घालायचे जाड बूट. दालनात न शिरता ती सरळ मागच्या बैठकीच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. एकेकाला आत बोलवत होती. कॉम्प्युटरमधलं मला काही कळत नाही, हे तिने प्रत्येकाला आधीच सांगून टाकलं, आणि तेव्हा ते सगळ्यांना खरं वाटलं.

सगळ्यात आधी इंकेरी. तिचे डोळे जागरणाने सुजले होते. पहिली चूक माझीच, असं म्हणतच ती खुर्चीत बसली. गुरुवारी अकरा वाजता तिने बेचाळीस नंबरचा नवा पत्ता यादीत घातला तो घाईत, आणि आठच्या जागी सहा टाइप केलं. एक वाजता मायलेकींना घेऊन ती तिथे पोचली, किल्ली लागेना, तेव्हा चूक कळली. अंगणात उभ्या उभ्या फोनवरूनच तिने पत्ता दुरुस्त केला.

ताइमीने विचारलं की हे चुकीचं सहा कागदावर कुठे लिहिलं होतं का, कोणाला तोंडी सांगितलं होतं का. इंकेरीने मान हलवली. नाही. ते फक्त यादीत होतं, अकरा ते एक.

मग पासी. तो चिडलेला होता, आणि घाबरला की तो चिडतो हे हेन्नाला माहीत होतं. गुरुवारी तो दिवसभर कुओपिओला एका गिऱ्हाइकाकडे होता, हवं तर विचारा म्हणाला. आपलं सॉफ्टवेअर अभेद्य आहे, गळती आश्रयगृहातच शोधा, असं त्याने दोनदा सांगितलं. बाहेर आला तेव्हा त्याच्या शर्टाची पाठ ओली होती.

हेन्ना वाट बघत बसली होती. सकाळी जागेवर येऊन बसल्यापासून तिने एक ओळही लिहिली नव्हती. पलीकडच्या रांगेतल्या आराखडे करणाऱ्या दोघी बहिणी कुजबुजत होत्या. इल्पो जाता जाता तिच्या टेबलापाशी थांबला. पोलीस आलेत म्हणे, कोणाची सायकल गेली, असं त्याने विचारलं. काही नाही, जुन्या कामाचं काहीतरी, असं ती म्हणाली. आणि तिला स्वतःचाच आवाज परका वाटला. त्याने तिच्या खांद्यावर हलकेच थोपटलं आणि आपल्या जागेवर जाऊन बसला.

अकरा वाजून पाच मिनिटांनी दार किलकिलं झालं. ताइमीने तिचं नाव घेतलं.

४

खोलीत टेबलावर एक फाइल होती आणि तिच्यावर एक फोटो उपडा ठेवलेला. ताइमीने हेन्नाला बसायला सांगितलं आणि थर्मासमधली कॉफी ओतून दिली. हेन्नाने मग दोन्ही हातांनी धरला.

"मला कळलंय ते सांगते," ताइमी म्हणाली. "चुकलं तर सांग."

नवरा सहा नंबरच्या इमारतीत गेला, म्हणजे त्याला मिळाला तो गुरुवारी अकरा ते एकच्या मधला पत्ता. इंकेरीने फितुरी केली असती तर तिने खरा पत्ता दिला असता. ती स्वतःच मायलेकींना तिथे घेऊन गेली होती. शिवाय यादीत नाव नाही. चौतीस वर्षांची आई, सात वर्षांची मुलगी, मुलीला माशाची अॅलर्जी, एवढंच आहे. पासीला बेचाळीस नंबर म्हणजे कोण हेच ठाऊक नाही, तर तो विकणार कोणाला? "ज्याने ती यादी वाचली, त्याला त्या मुलीला मासे चालत नाहीत हे आधीच माहीत होतं," ताइमी म्हणाली. "म्हणजे मधे कोणी दलाल नाही. नवऱ्याने स्वतःच्या डोळ्यांनी वाचली. प्रश्न एवढाच, की कुठे."

हेन्ना उपड्या फोटोकडे बघत राहिली.

"यादी कोणी कधी उघडली, ते तुमच्या सॉफ्टवेअरमध्येच लिहून राहतं. पासीने दाखवलं मला. त्या दोन तासांत दोनच नोंदी आहेत. एक इंकेरीची. दुसरी सव्वाअकराची, सगळी यादी एकदम. ती तुझी."

आता लपवायला काही उरलं नव्हतं. हेन्नाने सगळं सांगितलं. औषधांच्या वेळा, नक्कल, स्वतः घातलेला आणि स्वतःच मोडलेला नियम. तरी एक गोष्ट तिने ठासून सांगितली. ती यादी तिच्या यंत्राबाहेर गेलेली नाही. सर्व्हरला तशी सक्त सूचना आहे, तिने काल डोळ्यांनी पाहिली. आणि त्याहून पक्का पुरावा म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नोंदींचं फोल्डर पूर्ण रिकामं आहे.

"पूर्ण?"

"एकही ओळ नाही."

ताइमीने मग खाली ठेवला. "गुरुवारपासून ती यादी तू स्वतः कितीदा उघडून पाहिलीस?"

"रोज वीस-पंचवीस वेळा तरी."

"मग तुझ्या नोंदी कुठे गेल्या?"

हेन्ना खुर्चीतून उठून उभी राहिली. पायाखालची जमीन सरकते म्हणतात, ती कशी सरकते हे तिला त्या क्षणी कळलं.

५

त्या दोघी दालनात आल्या तेव्हा साडेअकरा होत आले होते. सगळे जेवायला गेलेले. खिडक्यांबाहेर पाऊस आणि बर्फ एकत्रच पडत होते आणि आत दिवे लावलेले असूनही करडा उजेड होता.

ताइमीने बाजूची खुर्ची ओढली. "सुरुवातीपासून दाखव. आज पहिल्यांदा करतेयस असं समज."

हेन्नाने आधी मूळ फोल्डरमधली ती सेटिंगची फाइल दाखवली, मग आयडीई उघडलं. सर्व्हर जोडायचा म्हणजे काय करायचं, ते एकेक पायरी बोलत ती करत गेली. नवा सर्व्हर असं निवडायचं. कुठल्या जातीचा ते सांगायचं. मूळ सर्व्हर डिस्कवर कुठल्या फोल्डरमध्ये ठेवलाय ते दाखवायचं. कुठली जावा वापरायची. मग आपला प्रोग्राम त्याच्यावर चढवायचा आणि शेवटचं बटण दाबायचं. शेकडो वेळा केलेलं काम. तिने शेवटचं बटण दाबलं. डावीकडच्या यादीत एक फोल्डर हललं आणि त्याच्यात नवं काही येऊन बसलं.

"हे काय आलं?" ताइमीने बोट ठेवलं.

सेटिंगच्या फाइली आहेत, सर्व्हरच्या, असं हेन्ना म्हणाली.

"सेटिंगची फाइल तू मघाशी मला दुसरीकडे दाखवलीस. मूळ फोल्डरमध्ये. या नावाची."

हेन्नाने ते फोल्डर उघडलं. त्याच नावाची दुसरी फाइल तिथे होती.

आयडीई मूळ फाइल वापरतच नाही. सर्व्हर जोडताना तो तिची स्वतःपुरती नक्कल करतो आणि पुढे त्या नकलेवर चालतो. हे तिला कधीकाळी ठाऊक होतं. नवीन पोरांना तिने शिकवलंही होतं. तिने आपला सर्व्हर जोडला होता जानेवारीत. ती ओळ घातली एप्रिलमध्ये, मूळ फाइलमध्ये. नक्कल जानेवारीचीच होती.

तिने जुनी नक्कल उघडली. ओळ नव्हती. दाराला तिने कुलूप लावलं होतं खरं, पण वापरात नसलेल्या दाराला.

"मग नोंदीही..." ताइमी म्हणाली.

"दुसरीकडे असतील." हेन्ना म्हणाली. आयडीई आपला पसारा जिथे ठेवतो तिथे, एकात एक अशा सात-आठ फोल्डरांच्या आत, ती शोधत शोधत पोचली. नोंदी होत्या. दिवसागणिक एक फाइल. गुरुवारची उघडली. बहुतेक साऱ्या ओळी तिच्या स्वतःच्या यंत्राच्या होत्या. अकरा वाजून बेचाळीस मिनिटांपासून मात्र आठ ओळी परक्या यंत्राच्या. गुरुवारी त्या वेळेला ती कॅन्टीनमध्ये वाटाण्याच्या सुपात मोहरीची चटणी कालवत होती. शुक्रवारी एकही परकी ओळ नाही. सोमवारीही नाही; बघणाऱ्याला हवं ते गुरुवारीच मिळालं होतं. गुरुवारच्या त्या आठही ओळींच्या सुरुवातीला यंत्राचा पत्ता, आणि त्याचा शेवटचा आकडा प्रत्येक वेळी तोच. सतरा.

कारखान्याच्या व्यवस्थापकाने जाळं टाकताना सोपी पद्धत ठेवली होती. ज्या टेबलाचा जो नंबर, तोच तिथल्या यंत्राच्या पत्त्याचा शेवटचा आकडा.

"आजची उघड," ताइमी म्हणाली.

हेन्नाला तेव्हा आठवलं. नक्कल रोज सव्वाअकराला ताजी होते. तिने ती थांबवली नव्हती. काहीही हलवायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. ताइमी कशाला विचारतेय हेही तिच्या ध्यानात आलं. काल दुपारी मायलेकींना नव्या घरात हलवल्यावर इंकेरीने, पोलिसांनी नको म्हणायच्या आत, सवयीने तो पत्ता यादीत टाकला होता. आज सकाळीच तिने ताइमीपाशी तसं कबूल केलं होतं, आणि बाहेर आल्यावर हेन्नालाही सांगितलं होतं.

आजची फाइल. अकरा पंधरा, यादी ताजी झाली. अकरा एकवीस, सतरा.

दोघींनी एकदमच मान वर केली. सतरा नंबरचं टेबल खिडकीपाशी होतं. खुर्ची मागे सरकवलेली. खुर्चीवरचं जाकीट गेलेलं. मगमधल्या कॉफीतून आता वाफ निघत नव्हती, पण मग अर्धा भरलेला होता. इल्पो अर्धी कॉफी कधीच टाकत नसे.

"तिथे कोण बसतं?"

हेन्नाने नाव सांगितलं. ताइमीने कोटाच्या आत ठेवलेला फोटो काढून तिच्यासमोर धरला. फोटोत दाढी होती, केस लांब होते, नाव दुसरंच होतं. डोळे तेच होते. रोज सकाळी, आई कशी आहे, असं विचारणारे.

घड्याळात अकरा चाळीस झाले होते. ताइमी फोनवर पत्ता सांगत जिन्याकडे पळाली. त्या जाड बुटांत ती एवढी जोरात पळू शकेल, असं कोणाला वाटलं नसतं.

६

हेन्ना जागच्या जागी बसून राहिली. नक्कल थांबवायची, सर्व्हर बंद करायचा, हे तिने केलं, आणि ते करताना ते किती सोपं होतं हे तिला कळलं. दोन क्लिक.

हळूहळू माणसं जेवून परतली. त्या दोघी बहिणींपैकी एकीने विचारलं, इल्पो लवकर गेला का आज. हेन्ना हो म्हणाली. तिच्या मनात एकच हिशेब चालला होता. कारखान्यापासून गाव ओलांडून जायला पंचवीस मिनिटं, आणि ताइमी पळाली तेव्हाच तो निघून वीस मिनिटं झाली होती. जिन्यावर पाऊल वाजलं की ती दाराकडे बघत होती. तो परत आला तर? आल्यावर काय म्हणेल? नेहमीसारखं काहीतरी गमतीचंच म्हणेल, आणि आपण हसूही, या विचाराने तिला शहारा आला. बारा वाजून दहा. बारा वाजून पंचवीस. पासी शेजारी येऊन बसला. तिने त्याला सगळं सांगितलं. तो चिडला नाही. त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

एकला पाच कमी असताना ताइमीचा फोन आला. तो सापडला होता. नव्या घराच्या दारासमोर, जिन्याच्या पायरीवर, गुडघ्यावर हात ठेवून निवांत बसलेला. घंटा वाजवली नव्हती. कधीतरी बाहेर पडायला आई स्वतःच दार उघडेल, हे त्याला माहीत होतं. पोलिसांना पाहून तो सौजन्याने उठून उभा राहिला. खाली त्याच्या गाडीत मागच्या सीटवर लहान मुलीची खुर्ची आधीच बसवलेली होती.

पुढचं सगळं चौकशीत उलगडलं. म्हातारी बाई मायलेकींना आत लपवतेय असं वाटून, आपण पोचल्याची खूण म्हणून त्याने ते हातमोजे दाराला लटकवले होते. आश्रयगृहांच्या संघटनेने आपल्या वेबसाइटवर सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीचे नावानिशी आभार मानले होते. त्यावरून त्याने हा कारखाना शोधला, खोट्या नावाने टेबल घेतलं आणि बसला. घाई नव्हती त्याला. इमारतींमधली नेटवर्कची जाळी जोडण्याचंच काम त्याने पंधरा वर्षं केलं होतं. रोज शेजारपाजारच्या यंत्रांची दारं एकेक ढकलून बघायचा. पाच आठवडे कुठल्याच दारामागे त्याच्या कामाचं काही नव्हतं. सहाव्या आठवड्यात हेन्नाच्या दारामागे यादी आली. आणि चेहरा ओळखू शकेल असं तिथे कोणी नव्हतंच. बाईचं नाव गुप्त ठेवायचं, तर तिच्या नवऱ्याचा फोटो कोणाला दाखवणार? ज्या गुप्ततेने तिला सांभाळायचं, तिच्याच आडोशाला तो बसला होता.

हेन्नाने आपला जबाब स्वतः लिहून दिला, एक शब्द न लपवता. आश्रयगृहांचं काम गेलं. पासीने कंपनी बंद केली आणि तो कुओपिओला गेला. दोघांचं भांडण झालं नाही. फक्त बोलणं संपलं.

खटला फेब्रुवारीत उभा राहिला. हेन्नाची साक्ष झाली आणि ती बाहेरच्या दालनात पाण्याचा ग्लास घेऊन बाकावर बसली. साक्षीभर तो समोर बसून तिच्याकडे पाहत होता, ओळखीचं, किंचित हसत. थोड्या वेळाने एक बाई येऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. साधी, तांबूस केसांची, नखं कुरतडलेली. इंकेरी तिच्याबरोबर होती, पण ती लांबच थांबली. बाई कोण, हे हेन्नाला कोणी सांगायची गरज पडली नाही.

"ते दार माझ्यामुळे उघडं राहिलं," हेन्ना म्हणाली. महिनाभर तिने वाक्यं पाठ केली होती. आणखी बरीच होती. पुढची आठवेनात.

बाईने मान डोलावली. माहीत होतं तिला. ती क्षमा करतेय की नाही, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत नव्हतं. तिला दुसरंच काही विचारायचं होतं. तो दीड महिना तुमच्यात बसत होता, तर मुलीच्या शाळेबद्दल, मैत्रिणींबद्दल कधी काही बोलला का. हेन्नाने नीट आठवून सांगितलं. नाही. मुलगी आहे हेही कधी बोलला नाही. माझ्या आईबद्दल विचारायचा. मशीन दुरुस्त करायचा.

बाईने कुरतडलेली नखं मुठीत मिटली.

"हसवत असेल तुला," ती म्हणाली.

हेन्नाला खोटं बोलता आलं नाही. "हो. रोज."

"मलाही," बाई म्हणाली. "पहिली दोन वर्षं."

मग आतून तिच्या नावाचा पुकारा झाला. ती उठली, स्वेटरच्या बाह्या बोटांपर्यंत ओढून घेतल्या आणि तो ज्या खोलीत बसला होता, तिच्या दाराकडे चालू लागली.